अकरा आणे

भाच्याने लीड्सहून बाटली आणली, मोज्यात गुंडाळून.
सांबऱ्याला उतरला, संध्याकाळी निपाणीत.
आमच्या गच्चीवर बूच उडवलं तेव्हा
फुस्स झालं फक्त;
एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीचा एवढाच नमस्कार.

"मामा, बर्फ नको हं. ही थंडगार प्यायची नसते."
म्हणून तासभर तिला माठाच्या बुडाशी
ओल्या फडक्यात निजवली होती.
ग्लास उजेडाला धरला, सवयीनं,
पान धरायचो तसा.
तिसऱ्या खुडीचा रंग, उन्हात सावकाश वाळलेला.
"लिही," म्हटलं, "तांबूस. पण मिजास नाही."

त्याने वही काढली. तिकडं म्हणे तो
दर शनिवारी प्यालेल्या प्रत्येकीला गुण देतो,
शंभरातले.
आमच्या वखारीत शंभर नव्हते गा. सोळा.
चाळीस वर्षं बोदात हात घातला,
मूठभर जर्दा नाकाशी नेला,
नऊ आणे म्हटलं तर नऊच.
चिकोडीचा व्यापारी असो की गुजरातचा शेठ,
दहावा कुणी मागितला नाही.

"मामा, वास?"

मी ग्लासात नाक घातलं. डोळे मिटले.
"कापलेलं गवत," म्हणालो. "त्याच्यामागं संत्र्याची साल,
पत्र्यावर चार दिवस वाळलेली.
तळाला भाजका पाव. आणि, थांब,
नवी सुतळी."
तो लिहीत गेला, मान हलवत.
कठड्याला टेकलेल्या मल्लाप्पा कमत्याने
अर्धा ग्लास एका दमात संपवला, म्हणाला, "कहि."
कन्नडात कडू. तेवढंच.
मला त्याचा हेवा वाटला.

कारण सहा वर्षं झाली,
मला कशाचाच वास येत नाही.
आधी अगरबत्ती गेली, मग कांदा, मग पेट्रोल,
सगळ्यांत शेवटी तंबाखू,
जिनं बाकीच्यांना नेलं ती.
वखारीतली शेवटची दोन वर्षं
मी बोटांच्या चिकटपणावर गुण दिले
आणि विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर.
मूठ मात्र नाकापर्यंत न्यायचो, दरवेळी.
भाव एकदाही चुकला नाही.

जिभेवर ती आली, खरोखरची आली.
आधी गोडसर, उसाच्या शेंड्याइतकी,
मग कडू, मागच्या दारानं,
पायताण हातात धरून आत आल्यासारखी,
आणि घशात उतरली तरी उठायचं नाव घेईना.
हे मी सांगितलं नाही.
पोरगं एवढ्या लांबून नाकासाठी आलेलं.

"अकरा आणे," म्हटलं.
"बाकीचे पाच कुठं गेले, मामा?"
"एक प्रवासात. चार वखारवाल्याचे."
तो हसला. तेही लिहिलं.

तेवढ्यात हौसा वर आली, भाजल्या शेंगांचं ताट घेऊन.
"दूध करपलं खाली. पार पेठेपर्यंत वास गेलाय,
आणि तुम्ही तिघं इथं..."
मल्लाप्पाला पडसं झालेलं.
भाच्याचं डोकं वहीत.
हौसाने माझ्याकडं बघितलं.
बघतच राहिली.
मग पदर खोचून सतरंजीवर बसली,
माझा ग्लास उचलला,
प्याली नाही. नाकाशी नेला.

"काय येतंय?" मी विचारलं, हळू.
"तुमच्या सदऱ्याचा," ती म्हणाली.
"हंगामात वखारीतनं आलात की
उंबऱ्यातच काढून घ्यायची मी,
आणि बादलीत टाकायच्या आधी..."
पुढचं बोलली नाही. शेंग फोडली.
दाणे माझ्या हातावर ठेवले.

गवत, सुतळी, संत्र्याची साल
भाच्यासंगं लीड्सला गेली.
बाटली हौसाने धुतलेली नाही अजून.
तेलाला होईल म्हणते.
आज सकाळी चहा ठेवताना
मला न विचारता म्हणाली,
"आलं घातलंय. येतोय वास. चांगला येतोय."