भुसा

काडीपेटीत एक, औषधाच्या बाटलीत दुसरा.
टॉर्च दातांत धरून मी दोघांना
बेडगच्या मळ्यातल्या ओट्यावर शेजारी ठेवते.

पहिला दिवसाचा.
पिवळट राखाडी, बोटाच्या दोन पेरांएवढा,
पाय शाईत बुडवून काढल्यासारखे निळसर.
मिशा अंगापेक्षा लांब,
सोडलेल्या कासऱ्यासारख्या मागं लोंबणाऱ्या.
चिमटीत धरला की कुरकुरतो,
मानेत गंजकी बिजागरी असल्यासारखा.

दुसरा रात्रीचा.
बारका, चहाच्या वाळक्या डागाच्या रंगाचा.
मामंजींचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं,
ताट घासून पालथं पडतं, बल्ब लागतो,
मग हा येतो. भिंतीवर टक्कन आपटतो.
खात काही नाही.
खायचं ते सगळं लहानपणीच
खाऊन झालेलं असतं त्याचं.

"ह्यो बरा," मामंजी काडीपेटीकडं बोट करतात,
"हागतोय तरी भाईर."

खरंच. वेलीच्या बुडाशी ढिगुली पडते,
ओलसर, तांबूस, ताज्या भुशाची.
वर बघितलं की भोक. भोकात तार.
तार मीच घालते.
मामंजी पाठ करून उभे राहतात,
ओठांत णमोकार, नजर बांधावरच्या बाभळीवर.
बाभळीची सालही त्यानंच सोललेली,
ते मी सांगत नाही.

दुसरा काहीच टाकत नाही.
कुरतडतो, आणि कुरतडलेलं
आपल्याच मागं ठासत जातो,
पिठासारखं, कोरडं, गच्च.
वरून साल शाबूत. पानं हिरवी. घडसुद्धा धरतात.
परवा अकराव्या ओळीत खोडाला कान लावला,
आत कुणीतरी सुपारी कातरत होतं.

चौदाशे वेली आहेत.
कान दोन.

तीन वर्षांपूर्वी जुनी बाग काढली,
खोडं चुलीमागं रचली, निम्मी जळलीसुद्धा.
त्या ढिगातून काल एक बाहेर आला,
अंगाला पीठ लागलेलं, मिशा झाडत.
वेल मेली हे त्याला
कुणी कळवलंच नव्हतं.

मामंजींनी तो वहीच्या कागदावर अलगद घेतला,
चप्पल घातली.
"सोडून येतो बाभळीवर."
म्हटलं, मामंजी, ह्याला झाडच लागतं असं नाही.
"मग काय लागतंय?"

मी दाराच्या चौकटीकडं बघितलं.
सागवानी, त्यांच्या लग्नातली.
बोलले काही नाही.