खळं

ओरुरोत जूनमध्ये नळ गोठतात.
शेगडीवर किटली ठेवून मी दवाखाना उघडते
तर पायरीवर एउलोहियो कोल्के,
अर्धा चेहरा त्याचा, अर्धा कुणा दुसऱ्याचा.

कथिलाच्या खाणीतून रात्रपाळी उतरून आलाय.
उजव्या गालात कोकाच्या पानांची गोळी.
एरवी ती डावीकडे असते,
पण तिथं आता जागा नाही.

गोळ्या घेतल्यास?
घेतल्या. बायकोनं बाजारातून आणल्या,
लसूण आणि बॅटरीचे सेल यांच्या मधल्या टोपलीतून,
सुट्या, नगावर.
ठणका थांबला तशा उरलेल्या ठेवल्या
साखरेच्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी.
मागच्या वेळच्याही तिथंच होत्या.
मेहुणीच्या बाळंतपणातल्याही.

चीर दिली. दाढ काढली.
पू थोडा नळीत भरला, तो रात्रीच्या बसनं ला पासला गेला,
कुणाच्या तरी बटाट्यांच्या पोत्याशेजारी.

आठवड्यानं फोटो आला.
तांबड्या तबकडीवर पांढऱ्या टिकल्या,
एकेकीत एकेक औषध.
औषध लागू पडलं तर टिकलीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं,
स्वच्छ, रिकामं.
पहिलीला नाही.
दुसरीला नाही.
तिसरीला तर अगदी खेटून उगवलेत,
भिंतीला पाठ लावून ऊन खात बसावं तसे.
शेवटच्या एकीला आहे. नखाएवढं.

बोल कुणाला लावू?
सव्वीस वर्षं मीच लिहीत आले.
हिरडी सुजली, लिही.
शनिवार आहे, उद्या बंद, लिही.
बाई तीन डोंगर उतरून आली,
रिकाम्या हातानं कशी पाठवू, लिही.
आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि ते तिथं, दातांच्या फटीत,
चिकट भिंती बांधून, ओलीला, दाटीवाटीनं.
एक मरतो, फुटतो,
शेजारचा त्याच्यातली जगायची युक्ती उचलून घेतो.
नातं नाही, कूळ वेगळं,
तरी घेतो, आणि पोराबाळांना देतो.
एवढा शेजारधर्म मी खाणवस्तीतही पाहिला नाही.

पंधरवड्यानं एउलोहियो आला. चेहरा पुन्हा सगळा त्याचा.
खिशातून रुमाल काढून टेबलावर सोडला:
अकरा कॅप्सूल, तीन रंगांच्या,
साखरेचे कण चिकटलेल्या.
फेलिपा म्हणाली, डॉक्टरणीला दे.
नदीत टाकू का, त्यानं विचारलं.
नदीत नको, मी म्हटलं.
मग कुठं, ते मलाही सुचेना.
रुमाल तसाच खणात.

बाहेर किटली ओरडतेय.
खुर्चीत आता नऊ वर्षांची मुलगी, सुजलेली हिरडी,
ताप नाही.
खरवडून, धुऊन भागेल.
तसं मी सांगते. दोनदा सांगते.
तिची आई मान हलवते
आणि माझ्या पेनाकडे बघत राहते.