एकास बहात्तर

जनावरांच्या दवाखान्यात आज एकच म्हैस आली,
तीही चुकून.
टेबल पुसलं, चिमटा उकळला,
नागपूरहून मागवलेला डबा फोडला.

हिरव्या चौकटीला लटकलेले एकशे अकरा तुकडे,
वेलावर वालाच्या शेंगा असाव्यात तसे.
ब्लेडनं एकेक तोडत गेलो.
डावीकडचं सातवं चाक निघालंच नाही.
शर्टाचं बटण चिकटवलं.
चार भोकं दिसतात, दिसू देत.
तोफ असल्यावर चाकं कोण मोजतं?

नळी सरळ बसेस्तोवर श्वास धरला.
अडलेल्या गायीच्या पोटात हात घालतानाही
एवढा धरत नाही मी.

रंगाच्या कागदावर छापलंय : चिखल, फिकट तपकिरी.
कुठला चिखल हा?
सोरट्याच्या पांदणीत उतरून बघा म्हणावं,
पाय वर येतो, चप्पल राहते.
खिडकीखालची चिमूटभर काळी माती वस्त्रगाळ केली,
फेविकॉलच्या पाण्यात कालवली,
पट्ट्यांत भरली, चाकांत,
बटणाच्या चारी भोकांत.

राहिला झाकणातून अर्धा बाहेर आलेला शिपाई.
डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं.
डोळे काढायला सुईचं टोकही जाड,
आणि तेवढ्यात लाइन गेली.

गुणवंता परिचर मोबाइलचा उजेड धरून वाकला,
बराच वेळ काही बोलला नाही. मग,
"हा त फसला ना बाप्पा गाऱ्यात.
काढाले कोनाचा ट्रॅक्टर सांगू?"

हसलो दोघं.
शिपाई मात्र, डोळे नसूनही,
पांदणीच्या टोकाकडं बघत होता,
येतंय का कोणी.