भुसा

दुकानदार झाकण उघडून दाखवत होता,
मी बिजागरीत नख घालून बघत होतो.
चौतीस वर्षं उद्यमबागेत लाकडी पॅटर्न घडवले.
ओतीव लोखंड निवताना किती आकसतं
ते बोटांना पाठ आहे.
म्हणून पत्रा वाजवला.
एक ग्रिल डब्यासारखं खणखणलं.
दुसरं नुसतं हुंकारलं.

"ॲप पण आहे, काका. आच मोबाइलवर बघायची."
म्हटलं, आधी झाकण बसतंय का बघू.
दहाची नोट फटीत धरून ओढली.
सुटली नाही.
बास, हेच दे.

अनगोळच्या घरी मालन दारातच उभी,
"काय आणलासा ओ हे? पिठाची गिरणी?"

गिरणीच म्हणायची तर गिरणी.
एका अंगाला पेटी, पेटीत लाकडाच्या गोळ्या,
खानापूरकडच्या आरा गिरण्यांचा भुसा
दाबून, खडूसारखा तुकडे केलेला.
आत स्क्रू फिरतो, गोळ्या पुढं सरकतात,
एक कांडी लाल होते, पंखा फुंकर घालतो.
"मग तुम्ही काय करणार?"
तेच मला समजेना.

लग्नानंतर बारा वर्षं
मी संध्याकाळी सायकलला पोतं बांधून यायचो,
पॅटर्नच्या सागवानाचा भुसा, फुकटचा.
ती शेगडीत मधोमध बाटली उभी करायची,
भोवतीनं भुसा मुठीनं ठासायची,
मग बाटली जराशी फिरवून
वर उपसायची.
मागं राहायची सरळ पोकळी, तळापर्यंत.
कारखान्यात माझे गाभे मायक्रोमीटर लावून तपासले जायचे.
तिच्या हातचा एकही ढासळलेला मी पाहिला नाही.
हे तिला कधी सांगितलं नाही.

ग्रिलचं मी सगळं करतो.
चौथ्या खेपेला राख काढतो,
आगीची वाटी खरवडतो, नाहीतर नुसता धूर.
उष्णता मोजणारी सळई पुसतो,
काजळी धरली की ती खोटं बोलते.
चरबीची पन्हळ एकदाच राहिली, मटणाच्या रविवारी.
कुंपणापलीकडून शिवलिंगप्पा ओरडला,
"बेंकी! बेंकी!"
हातात पाण्याची बादली घेऊन आलाच.
मी बादली धरली, झाकण दाबलं, वीज काढली.
गुदमरून विझली ती.
मटण त्यानं अर्धं नेलं, काळं होतं तरी.

मग श्रावण. इथल्या भिंतींनाही बुरा येतो
हे मला नवं नव्हतं,
तरी पोतं फरशीवर ठेवलं.
पंधरा दिवसांनी स्क्रू कण्हला नि थांबला.
पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं.
सगळं उसवून बसलो, पाना, पकड, टॉर्च.
नळीत लापशी झालेली,
आणि पोत्यात वीस किलो गोळ्यांचा
परत भुसा.

मूठभर घेऊन हुंगला.
सागवान नव्हे. आंबा असावा, थोडी नीलगिरी.
मालन काही बोलली नाही.
जुनं लुगडं अंथरून तिनं तो पडवीत पसरला,
येता-जाता पायानं उलथला.
तिसऱ्या दिवशी माळ्यावरून शेगडी खाली आली.
"बाटली बघा कुठं आहे ती."

संध्याकाळी वीज गेली, जाणारच होती.
शिवलिंगप्पा कडोलीची रताळी घेऊन आला,
मातीसकट, शर्टाच्या घोळात.
ताडपत्रीखाली ग्रिल गप्प.
तिनं भुसा ठासला. बोटांच्या पेरांवर आता सूज,
मधेच थांबून हात झटकत होती.
"ओढा तुम्ही."

मी बाटली धरली.
जरा फिरवली, श्वास रोखला,
वर घेतली.
एका बाजूनं पोकळी आत ढासळली.

शिवलिंगप्पानं रताळी खाली ठेवली.
मालननं शेगडी पालथी करून
सगळा भुसा परत लुगड्यावर ओतला.
"ठासा," म्हणाली, "तळापासनं."