डाख

वूचच्या जुन्या बाजारात इरेनेउश
टर्नटेबल उलटं धरून बघतो:
पट्टा सैल, टोनआर्म लुळा,
सुईच्या जागी नुसतं भोक.
“साठ झ्लॉटी. उरलंय काय यात?”

विकणारी बाई थर्मासचं झाकण लावते,
वाकून आत बोट दाखवते:
डाखाचा थेंब, डावीकडे ओघळलेला.
“माझाच. कारखान्यात रात्रपाळी होती,
घरी पोर तापानं फणफणलेलं.
तपासनिसानं पास कसा केला, कोण जाणे.”

तो शंभर देतो.

पट्टा नवा. सुई नवी. बेअरिंगला तेल.
पण डाव्या स्पीकरमधली खरखर जात नाही:
तोच थेंब, तडकलेला.
जुना डाख शोषून काढतो,
नवा देतो, गोल, चकचकीत.
मग तो थिजण्याआधी
तापल्या टोकानं जरासा
डावीकडे ओढतो.