पंचेचाळीसचा गिअर

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
मी लक्ष्मीपुरीत नदाफांच्या भंगारात
बेअरिंग हुडकत होतो, बासष्टशे पाच नंबरचं,
आणि कुकरच्या झाकणांखालून ती निघाली.
काळी. काठाला उंदरानं टवका काढल्यागत.
कव्हरवर पांढऱ्या कल्ल्यांचा टोपीवाला, मांडीवर गिटार,
मागं कुंपण, आणि कुंपणापलीकडं
काही म्हणजे काहीच नाही.

इलाहीभाईंनी तराजूत टाकली.
"ना लोखंड, ना पितळ. प्लास्टिकचा भाव लावू?"
एकशे चाळीस ग्रॅम भरली.
"कव्हर रद्दीत धरतो," म्हणाले, "गाणं फुकट."

घरी वाजवायला काय नाही.
तरी रात्री बोट फिरवत बसलो तिच्यावर.
मी टर्नर. एकतीस वर्षं आटे पाडतोय,
मला कळतं, हा आटाच आहे,
बाहेरून आत गेलेला, एका दमात पाडलेला.
कुणीतरी कुठल्यातरी लेथवर वाकून
टूल लावलं असणार,
आणि शेजारच्या खोलीत टोपीवाला घसा खाकरत असणार.

मंगळवारी पाळी सुटली,
तवनाप्पा शेठ गंगावेशीला दूध प्यायला गेले.
मँड्रेल चकात धरला, रेकॉर्ड नटानं आवळली,
दोन्हीकडून पुठ्ठ्याचे वायसर,
शेठच्या मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेचं नरसाळं,
टोकाला सुई, सिदूच्या आईची.
पाहिजेत मिनिटाला तेहतीस फेरे.
आमच्या लेथचा सगळ्यात हळू गिअर पंचेचाळीसचा.

आधी नुसती खरखर,
बिडावर पहिला कट मारताना येते तशी.
मग माणूस.
बारा फेऱ्यांनी तरुण झालेला,
विशीतला पोरगा, घाईत,
एसटी सुटायला लागलीय आणि सांगायचं राहिलंय असा.
गिटारीची तार मध्येच घसरायची
ओल्या बांधावरून पाय जावा तशी,
पुन्हा सावरायची.

शब्द एक कळला नाही.
सिदू धनगराचा, पट्टणकोडोलीकडचा.
झाडू तसाच हातात धरून म्हणाला,
"मिस्त्री, ह्येचं जनावर चुकलंय."
"कशावरनं?"
"हाक बघा की. माणसाला अशी मारत न्हाईत."

सुईखाली काळा भुगा साठत होता,
भुवईच्या केसाएवढा.
कशाचा, ते मला ठाऊक होतं.
एका खेपेला एवढं जातंय म्हणजे
दहा-बारा खेपा, पुढं नुसती ताटली.
हात स्विचकडं गेलाही होता.
सिदू म्हणाला, "सापडू दे की त्येला."

बुधवारी शेठनी बेडवरचा भुगा बोटावर घेतला,
चिमटीत चोळला, वास घेतला.
"ह्ये कसलं मटेरियल?"
"सँपल होतं," म्हटलं, "बाहेरगावचं."

मागं सिदू बुरादा भरत होता घमेल्यात,
तोंडातल्या तोंडात तीच हाक,
पण हळू.
तेहतीसच्या आसपास.