बेचाळीस गाठी

धक्का जवळ आला की मी आधी लोकांना मागे सारतो,
मग फेरीबोटीचं दार खाली सोडतो.
एकवीस वर्षं हेच.
दिवसातून चाळीस वेळा मांडवी ओलांडतो
आणि रात्री असतो दिवाडीतच.

परवा दर्पणाने माझ्या ताटाशेजारी दोन कागद ठेवले.
एक पणजीचा, झेरॉक्स, कोपरा दुमडलेला:
दोन वर्षं, डिप्लोमा,
सकाळी सहाची फेरी, जुन्या गोव्याहून बस,
रात्री जेवायला घरी.
बारावीचे सत्तावन्न टक्के तिथे चालतात.
दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जाता येईल,
जागा असली तर.

दुसरा पंजाबातला, गुळगुळीत, बोट सरकतं त्यावरून.
चार वर्षं, पदवी, फी माफ,
तांबडा ट्रॅक, बर्फाच्या पाण्याचे टब
आणि कुणा मुलीचा फोटो,
भाला गेलाय, हात अजून वरच आहे.

बायकोने विचारलं, तिथे बांगडे मिळतात का?
फ्लोरियान सर पायरीवर बसून चहा फुंकत होते.
म्हणाले, पान सहा वाचा, खालचं बारीक.
मी चष्मा आणला.
खांदा गेला तर जागाही जाते, असं होतं.
सर एवढंच बोलले आणि कप उपडा ठेवून गेले.

मला तो खाजनातला फेब्रुवारी आठवला.
भात कापून झालेलं, जमीन भेगाळलेली,
बांधावर बगळे.
नववीतली पोर, हातात बांबू,
टोकाला गॅरेजवाल्या तुकारामने ठोकून दिलेलं लोखंड.
टेप कुठला असणार?
बोटीवरचा बाद झालेला दोर मी घरी आणला होता,
मीटरमीटरवर गाठी मारल्या.
एकोणीस. दुसऱ्या दिवशी अठरा.
मी गाठी मोजत चालायचो,
ती मागून ओरडायची, बाबा, दोर ओढून धरा, ढिला सोडू नका.
आता खरा भाला आहे, खरा टेप आहे,
आणि आकडा डिसेंबरपासून बेचाळीसवर बसून आहे.

रात्रपाळीत मी एक वाक्य तयार केलं.
रिकामी बोट, एक स्कूटरवाला, पेंगणारा पाववाला,
आणि मी कठड्याला टेकून पाठ करतोय:
जा तू. आमची काळजी करू नको.
शेवटी 'बाळ' म्हणायचं की नाही
एवढंच ठरत नव्हतं.

सकाळी ती धक्क्यावर आली, केस ओले.
माझ्या आधी तीच बोलली.
बाबा, तिथे पन्नासच्या पुढच्या सहा जणी आहेत.
पहिलं वर्ष मी त्यांच्या पिशव्या सांभाळणार.
शिवाय ते धाव बदलतात सगळ्यांची,
माझी शेवटची पाच पावलं सरांनी आत्ता कुठे बसवलीत.
पणजीला जाते. दोन वर्षं भरपूर फेकते.
मग बघू कोण बोलावतंय.

हिशोब बरोबर होता.
मी मान हलवली, पट्टी ओढली, दार वर घेतलं.
पण खरं सांगतो,
नदीच्या मधोमध मला काहीतरी टोचलं.
इतके दिवस मला वाटत होतं मी तिला धरून ठेवतोय,
आणि जायचं तर मलाच होतं
त्या तांबड्या ट्रॅकपर्यंत, तिच्या तिकिटावर.
ते वाक्य तसंच तोंडात राहिलं,
गिळलं तर खारं लागलं असतं.

ती कठड्याशी उभी होती,
उजवा खांदा गोल गोल फिरवत,
जुन्या गोव्याच्या बाजूला तोंड करून.
उतरताना म्हणाली, संध्याकाळी साडेसहाच्या फेरीला येईन,
तो जुना दोर काढून ठेवा,
टेपला वाऱ्यात गुंडाळी पडते.

बाबुसो तांडेलाच्या केबिनची काच कधीची खडखडते.
पंजाबचा कागद मी चार घड्या करून
तिच्या फटीत बसवला.
जाड आहे, चांगला आहे.
काच आता वाजत नाही,
आणि ओढून काढला
तर पुन्हा वाचता येईल.